पोपट अजून 'कपाळावर!' म्हणतोय

पत्र

"गेली सहा वर्षं मी दर सोमवारी आणि गुरुवारी चार चौकटींचं एक कॉमिक काढून ऑनलाइन टाकते. पात्रं तीनच. एक आज्जी, तिची नात ठकी आणि 'वकील' नावाचा पोपट. आज्जी सारखी काहीतरी विसरते, बहुतेक वेळा चष्मा. सगळं घर उलटंपालटं होतं आणि चौथ्या चौकटीत पोपट ओरडतो, 'कपाळावर!' लोकांना हे फार आवडतं. आज्जी मी माझ्या आईवरून बेतली होती. मागच्या वर्षी आईला स्मृतिभ्रंश असल्याचं निदान झालं. ती अजून मला ओळखते, गप्पा मारते, पण रोज काहीतरी निसटतंय. तेव्हापासून विनोद सुचतात, हात चालत नाही. गेल्या महिन्यात मी एक भाग टाकला. आज्जी ठकीकडे बराच वेळ बघत राहते आणि विचारते, 'तू कुणाची गं?' शेवटच्या चौकटीत नुसता अंधार. पोपट काढलाच नाही. एका जुन्या वाचकानं लिहिलं, 'रडायला घर आहे, इथे मी हसायला येतो.' ते वाचून मी तो भाग मागे घेतला. आता काय करू? आज्जीला कॉमिकमध्येच आजारी पाडू, की हे सगळं वेगळ्या मालिकेत नेऊ? आणि ज्या जुन्या भागांत मी तिच्या विसरण्याची टिंगल केली, ते काढून टाकू का? सोबत पंचवीस-तीस भाग पाठवतेय."

चौथ्या चौकटीत अडकलेली

उत्तर

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तो तुम्ही रात्री दोनच्या सुमारास लिहिला असणार असं वाटतंय, आणि अशा वेळी बोट पटकन 'डिलीट'वर जातं. जुने भाग काढू नका. का, ते पुढे येईलच.

आता तो वाचक. त्याचं वाक्य तुम्हाला लागलंय. मलाही ते पहिल्यांदा उद्धट वाटलं, दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा तितकं वाटलं नाही. सहा वर्षं हा माणूस येतोय. तुम्ही त्याला आठवड्यातून दोनदा एका गोष्टीची सवय लावलीत, की काहीतरी हरवेल आणि चौथ्या चौकटीत सापडेल. बाहेर असं फारसं घडत नाही, म्हणून तर तो येतो. एका गुरुवारी तुम्ही न सांगता ती सवय मोडलीत. याला रसभंग हा चांगला शब्द आपल्याकडे आहे. हसवता हसवता रडवणं म्हणजे रसभंग नव्हे, ते चांगल्या नाटकात नेहमीच होतं. हात धरून चाललेल्या माणसाला एकदम हिसडा बसतो, तो रसभंग.

हा राग काही तुमच्या नशिबी नव्यानं आलेला नाही. १९२९ मध्ये अमेरिकेतल्या 'द गम्प्स' या भलत्याच लोकप्रिय चित्रमालिकेत सिडनी स्मिथनं मेरी गोल्ड या पात्राला मरू दिलं, तेव्हा वाचकांच्या पत्रांनी आणि फोननी वर्तमानपत्राचं कार्यालय जेरीस आलं होतं. १९९५ च्या एप्रिलमध्ये कॅनडाच्या लिन जॉन्स्टन यांनी 'फॉर बेटर ऑर फॉर वर्स'मधल्या फार्ली नावाच्या म्हाताऱ्या कुत्र्याला निरोप दिला. पुराच्या पाण्यात पडलेल्या एप्रिल नावाच्या चिमुकलीला बाहेर काढून तो गेला. लोक रडले आणि चिडलेही. पण जॉन्स्टनबाईंच्या बाजूला एक गोष्ट होती. १९७९ साली सुरू झालेल्या त्या मालिकेत पात्रांची वयं वाचकांबरोबर वाढत होती. मुलं शाळा संपवून कॉलेजात जाणार असतील तर घरातला कुत्रा चिरतरुण कसा राहील? वाचकानं हे कधीच मोजून ठेवलं नव्हतं, तरी त्याच्या मनात कुठेतरी ते होतंच. मी तो प्रसंग पुस्तकात वाचला, घडल्यावर बऱ्याच वर्षांनी आणि काय होणार ते ठाऊक असताना. तरी पान उलटायच्या आधी उठून पाणी पिऊन आले.

थोडक्यात, हलक्याफुलक्या कॉमिकमध्ये मरण किंवा आजारपण आणू नये असा काही नियम नाही. तुमचा तो भाग मात्र फसला असं माझं मत आहे, आणि दोष विषयाचा नाही.

२००८ च्या जूनमध्ये टिम बकलीच्या 'कंट्रोल ऑल्ट डिलीट' या वेबकॉमिकमध्ये असंच झालं होतं. व्हिडिओ गेम खेळणाऱ्या मित्रांच्या टवाळकीचं कॉमिक, २००२ पासून चाललेलं, खूप वाचलं जाणारं. एके दिवशी त्यात चार मूक चौकटी आल्या. नायक धावत इस्पितळात शिरतो. स्वागतकक्षात विचारतो. डॉक्टरशी बोलतो. शेवटच्या चौकटीत त्याची जोडीदार खाटेवर पडलेली, पोटातलं मूल गेलंय. भागाचं नाव 'लॉस'. विषय किती नाजूक, आणि लोक काय करायला लागले? हसायला. आजही हसतात. त्या चार चौकटींचं आता नुसत्या रेघांत चित्र काढतात. एक उभी रेघ, मग दोन, मग पुन्हा दोन, मग एक उभी आणि एक आडवी. आणि एकमेकांना विचारतात, ओळखा पाहू. मूल गमावलेल्या बाईची एक आडवी रेघ होऊन बसली.

लोक निर्दय असतात, हे खरंच. पण तेवढ्यावर भागत नाही. त्या चार चौकटींत त्या कॉमिकचं असं काहीच नव्हतं. त्याची बडबड, त्याचा वेंधळेपणा, पात्रांची एकमेकांशी बोलण्याची तऱ्हा, सगळं दारातच सोडून लेखक आत गेला होता. म्हणजे इतके दिवस चाललं तो पोरखेळ, आता तोंड धुऊन या, खरी गोष्ट सांगतो, असा सूर. वाचकाला तो सूर बरोबर ऐकू येतो आणि मग तो सूड घेतो. हलकंफुलकं कॉमिक असं एकदम गंभीर होण्याला वेबकॉमिक वाचणाऱ्यांत 'सेरेबस सिंड्रोम' असं नावसुद्धा आहे, डेव्ह सिमच्या 'सेरेबस'वरून. ते १९७७ मध्ये तलवारबाज वीरांच्या कॉमिक्सची टर उडवायला सुरू झालं आणि ३०० अंकांनी २००४ मध्ये संपेपर्यंत राजकारण, धर्म, मरण अशा भलत्याच खोल पाण्यात गेलं होतं. आजाराला नाव मिळालंय म्हणजे रोगी पुष्कळ झाले असणार.

तुमच्या भागात पोपट नव्हता. शेवटी काळी चौकट होती. सहा वर्षांत तुमच्या कॉमिकमध्ये काळोख कधी होता हो? दिवे गेल्याचा जो भाग तुम्ही पाठवलाय, त्यातही काळ्या चौकटीत वकिलाचे दोन पांढरे डोळे चमकतायत. तुमच्याकडे अंधारसुद्धा असा असतो. तो अंधार सोडून तुम्ही दुसऱ्याच कुणाचा तरी अंधार उसना आणलात.

आणखी एक. 'तू कुणाची गं?' हा प्रश्न तुमच्या घरात अजून कुणी विचारलेला नाही. आई तुम्हाला ओळखते, तुम्हीच लिहिलंय. या आजारात बहुधा जवळचं आधी जातं, सकाळी काय बोललो ते, किल्ली कुठे ठेवली ते. पोटच्या माणसांची ओळख पुसणं ही सहसा बरीच पुढची पायरी. तुम्ही एका गुरुवारात कित्येक वर्षं ओलांडलीत. घरात घडतंय ते काढण्याऐवजी ज्याची धास्ती वाटते ते काढलंत. ते समजण्यासारखं आहे, पण म्हणूनच त्या भागात एकही खरी वस्तू नव्हती. नुसते डोळे आणि काळा रंग.

आता उलटं उदाहरण सांगते. यावर मी जरा रेंगाळणार आहे.

गॅरी ट्रूडो यांची 'डून्सबरी' ही अमेरिकी चित्रमालिका १९७० मध्ये सुरू झाली. त्यात बी. डी. नावाचा अमेरिकी फुटबॉल खेळणारा एक आडमुठा गडी आहे. डोक्यावर कायम हेल्मेट. पुढे तो सैन्यात गेला, हेल्मेटचा प्रकार बदलला, पण डोकं काही उघडं पडलं नाही. त्याला केस आहेत की नाहीत, हेही वाचकाला माहीत नव्हतं. असं ३४ वर्षं चाललं. २००४ च्या एप्रिलमध्ये इराकच्या युद्धात बी. डी. जखमी होतो. मग एका भागात तो स्ट्रेचरवर दिसतो. डावा पाय नाही. आणि डोक्यावर हेल्मेट नाही.

माझी नजर आधी केसांवर गेली. केस आहेत की याला, असं वाटलं आणि त्या 'वाटण्या'तून खाली उतरत पायापर्यंत पोचले. पाय गेल्याचं चित्र कुणीही काढू शकतो. हेल्मेट उतरल्याचं चित्र काढायला आधी ३४ वर्षं ते डोक्यावर ठेवावं लागतं. विनोदाची जी खुंटी वाचकाच्या डोक्यात घट्ट बसली होती, ट्रूडो यांनी दुःख नेमकं तिलाच टांगलं. पुढे कितीतरी काळ त्यांनी बी. डी.चे उपचार, त्याची चिडचिड, त्याचं घरी परतणं दाखवलं आणि त्या सगळ्यात मालिकेचा तिरकसपणा जागच्या जागी राहिला.

तुमचं हेल्मेट म्हणजे 'कपाळावर!'

मी चित्रकार नाही, तेव्हा पुढचं सोडून द्यायला तुम्ही मोकळ्या आहात. पण समजा, पहिली चौकट नेहमीचीच. आज्जी काहीतरी शोधतेय. दुसरीत ठकी पलंगाखाली, नुसते तळपाय बाहेर, तुम्ही नेहमी काढता तसे. तिसरीत आज्जीच्या हातातच चष्मा आहे. ती त्याच्याकडे बघतेय, एक काडी उघडून, एक मिटलेली. चौथीत वकील नेहमीच्याच मोठ्या फुग्यात, नेहमीच्याच ठसठशीत अक्षरांत ओरडतोय, 'कपाळावर!' बस. ठकीचा चेहरा दाखवू नका. आज्जीचाही नको. पोपट तो, शिकवलंय तेवढंच बोलणार. घरात काय बदललंय ते त्याला कळलेलं नाही. ज्या शब्दावर वाचक सहा वर्षं हसला, त्याच शब्दाला त्याची ठेच लागेल, आणि तुम्हाला काळी शाई उघडावीच लागणार नाही.

(कपाळ म्हणजे नशीब, हा अर्थ तुमच्या मनात येऊन गेला असेल. मराठीत लिहिणाऱ्याच्या मनात तो येतोच. तो वापरू नका. ज्याला दिसायचा त्याला आपोआप दिसेल. आज्जी एकदा का 'माझं कपाळच असं' म्हणाली, की सगळं मुसळ केरात.)

आणि आज्जीचं नाक बटाट्यासारखं आहे ते तसंच राहू द्या. गंभीर व्हायचं म्हटलं की हात आपोआप सुरकुत्या, सावल्या, डोळ्यांत चमकता थेंब काढायला लागतो. त्या क्षणी ती तुमची आज्जी राहत नाही, कुठल्याही पोस्टरवरची म्हातारी होते.

आता जुन्या भागांकडे येऊ. तुम्ही 'टिंगल' हा शब्द वापरलात. मी तुमचे भाग वाचले, टिंगल मला कुठे दिसली नाही. चष्मा कुठे ठेवला ते विसरणं आणि चष्म्याचं काय करतात ते विसरणं यांत फार अंतर आहे. पहिलं आपल्या सगळ्यांचं असतं आणि तुम्ही हसलात ते त्याला. पण तुम्ही पाठवलेल्यांत एक भाग असा आहे. आज्जी ठकीला तीच गोष्ट पहिल्या चौकटीत सांगते, दुसरीत सांगते, तिसरीत सांगते, आणि चौथीत आज्जी तोंड उघडायच्या आधी वकीलच ती सांगून टाकतो. मी मोठ्यानं हसले. मग खालची तारीख पाहिली. तो भाग तीन वर्षांपूर्वीचा आहे. निदान मागच्या वर्षीचं.

तुम्हाला तेव्हा काय माहीत होतं? काहीच नाही. ज्या घरात हा आजार येतो तिथे असंच होतं. 'आमची आई आहेच विसराळू' म्हणून सगळे हसतात, आणि पुढे कधीतरी मागे वळून पाहताना नेमका तो दिवस सापडतो. तुमच्याकडे तो दिवस चार चौकटींत, तारखेसकट, त्या वेळच्या निरागस रेषेत जपलेला आहे. आज बसून असा भाग रचायचा म्हटलं तर तुम्हाला जमणार नाही, कारण आज तुम्हाला माहीत आहे. या गोष्टीचं पहिलं प्रकरण तुम्ही नकळत तीन वर्षांपूर्वीच काढून ठेवलंय आणि आता ते पुसायला निघालायत. राहू द्या ते. पुढे नवे भाग वाचून कुणी मागे जाईल, त्याला ते आपोआप सापडेल. बोट दाखवायला तुम्ही जाऊ नका.

वेगळ्या मालिकेचं म्हणाल, तर तोही मार्ग लोकांनी वापरलाय. २०१४ मध्ये अमेरिकी कॉमिकमधला शाळकरी नायक आर्ची मेला, मित्रावर झाडलेली गोळी स्वतःच्या अंगावर घेऊन. पण तो 'लाइफ विथ आर्ची'मधला, भविष्यातला, मोठा झालेला आर्ची. नेहमीचा आर्ची आपल्या शाळेत, बेटी आणि व्हेरोनिकाच्या मधोमध, होता तिथेच. प्रकाशकाला ते सोयीचं. तुमचं तसं नाही. सोमवारी जिचा चष्मा सापडतो ती आज्जी आणि गुरुवारी जिला चष्मा कळत नाही ती आज्जी, अशा दोन बायका एकाच टेबलावर काढत बसलात तर सोमवारची आज्जी खोटी पडेल. तुमच्या मनात ती आत्ताच खोटी पडलीय, म्हणून तर हात चालत नाही. माझं मत, एकच मालिका.

मात्र एक धोका आहे. गंभीर भागांना दाद वेगळी मिळते, लांबलचक, डोळे पुसत लिहिलेली. ती चटक लागते. कॉमिक्सच्या धंद्यात अंधार म्हणजे प्रौढपणा हा समज निदान १९८० च्या दशकापासून बोकाळलाय. १९८७ मध्ये कीथ गिफेन आणि जे. एम. डीमॅटिस यांनी सुपरहिरोंच्या 'जस्टिस लीग'चा चक्क फार्स करून टाकला होता. वीर म्हणवणारे एकमेकांशी भाडेकरूंसारखे भांडायचे. त्यातला ब्लू बीटल हा खट्याळ गडी कित्येकांचा लाडका. २००५ मध्ये दुसऱ्या लेखकांच्या कथेत त्याला डोक्यात गोळी घालून मारलं, आणि मारणारा कोण, तर त्याच विनोदी टोळीचा कर्ताधर्ता मॅक्सवेल लॉर्ड. मला त्यात दुःख दिसलं नाही. आधीचं हसणं पोरकट होतं, हे सांगण्याची घाई दिसली.

'फंकी विंकरबीन'चं तसं म्हणता येणार नाही, तिथे हेतू प्रामाणिक होता. १९७२ मध्ये शाळेतल्या गमतीजमतींवर सुरू झालेल्या त्या मालिकेत लिसाला १९९९ मध्ये स्तनांचा कर्करोग होतो, ती सावरते, तो परत येतो आणि २००७ च्या ऑक्टोबरमध्ये ती जाते. टॉम बाटियुक यांचं ते काम पुलित्झर पारितोषिकाच्या अंतिम यादीपर्यंत पोचलं, आणि रास्तच. पण माझ्या मते त्या सावलीतून मालिका पुढे पुरती बाहेर आलीच नाही. २०२२ च्या अखेरीस संपेपर्यंत पात्रांना हसायचीसुद्धा जरा चोरी वाटायची.

म्हणून हसणं सोडू नका. आणि विनोद हा दोन दुःखी भागांच्या मधला विसावा, अशी वाटणीही करू नका. सोमवार हसायचा, गुरुवार रडायचा, असं वेळापत्रक लावलंत तर वाचक आठवड्याभरात ओळखेल आणि गुरुवार चुकवेल. जेफ स्मिथच्या 'बोन'मध्ये (१९९१ ते २००४, ५५ अंक) गोष्ट तीन गोलमटोल भावंडांच्या फजितीपासून सुरू होऊन युद्ध आणि विध्वंसापर्यंत जाते. पण त्यांच्या मागावर असलेले दोन मूर्ख उंदीरराक्षस शिकार तशीच खायची की किश नावाच्या पदार्थात घालून, यावरून वाद घालायचं काही सोडत नाहीत. जग बुडतंय आणि यांचं जेवण ठरत नाही. आजाराच्या घरात असंच असतं की. औषधाच्या वेळी कुणीतरी वेडगळ काहीतरी बोलतं आणि सगळे खो खो हसतात, आणि हसल्याबद्दल मग कुणाला माफी मागावीशी वाटत नाही. तुमच्या घरात हे होत असणार. ते काढा.

छोट्या प्रमाणात हे कसं करतात ते पाहायचं असेल तर 'कॅल्विन अँड हॉब्ज'मधला १९८७ चा रॅकूनच्या पिल्लाचा प्रसंग शोधा. कॅल्विनला जखमी पिल्लू सापडतं, आई खोक्यात ठेवून त्याला जगवायला बघते, ते जगत नाही. काही दिवसांतच सगळं आटोपतं. कॅल्विन एकदाही शहाण्या माणसासारखा बोलत नाही, त्याचे प्रश्न सहा वर्षांच्या पोराचेच राहतात, आणि ते झाल्यावर तो पुन्हा पूर्वीसारखाच कार्टा होतो.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत. आईला विचारलंत का?

ती बोलते, ओळखते, म्हणजे विचारायला वेळ अजून आहे. तो कायम राहणार नाही. तिच्याशेजारी बसा, कच्चे भाग दाखवा. ती कुठे हसते बघा, कुठे गप्प होते तेही बघा. चष्म्याचा भाग पाहून ती म्हणेल, 'मी अशी दिसते होय?' किंवा म्हणेल, नको. नको म्हणाली तर तो प्रसंग नको, मग तो कितीही चांगला का जमलेला असेना. दुसऱ्या दिवशी ती विसरेल हे तुम्हाला माहीत असेल, तरीही नको. आणि ती सांगू शकेनाशी झाल्यावरही एक दार बंद ठेवा. कपडे, आंघोळ, अंथरूण हे काही काढू नका. चित्रातली आज्जी तुमची असली तरी ज्या बाईवरून ती काढलीत ती दुसऱ्या कुणाचीही आधी स्वतःची आहे.

बाकी व्यवहाराचं. मागे घेतलेला भाग परत टाकू नका. नव्या वळणाआधी एक ओळ लिहा, फार नको, 'आज्जीचं विसरणं आता थोडं निराळं होणार आहे, वकील आहेच' एवढं पुरे. ज्यांना नको त्यांना तिथूनच वळता येईल. गुरुवारचा भाग काही महिने बंद करा. आजाऱ्याचं करून आठवड्याला आठ चौकटी हे गणित मला झेपणारं वाटत नाही, आणि चार चौकटी कमी झाल्या म्हणून कुणी रुसणार नाही. रुसलंच तर वकिलाला पाठवा.

राहता राहिला तो वाचक. 'रडायला घर आहे.' काल रात्री तुमचं पत्र तिसऱ्यांदा वाचताना या तीन शब्दांवर थांबले. इतके दिवस मी ते टोमण्यासारखं वाचत होते. तो कदाचित नुसतं सांगत असेल. त्याच्या घरी काय आहे, कोण आहे, आपल्याला ठाऊक नाही. सहा वर्षं सोमवार-गुरुवार तो कुठून उठून तुमच्याकडे येत होता, तेही ठाऊक नाही.

त्याला उत्तर लिहा. तो भाग का काढला, का मागे घेतला, यातलं काही सांगायला जाऊ नका. घरी कसं आहे, एवढंच विचारा.